शिंगाडा उपासाला चालतो, मग सात्या का नाही?

प्रश्न (गोकुळपेठकर): काल मार्केटात सात्या (वारुळावर उगवणाऱ्या रानछत्र्या, मशरूम) दिसल्या. पावभरच घेतल्या, खिसा तेवढ्यातच रिकामा. घरी आजी म्हणे, "आज श्रावणी सोमवार आहे न, उद्या कर." पण शिंगाडा तर तळ्याच्या गाळातला, त्याचं पीठ चालते! मग वारुळावरच्या सात्यांनी काय घोडं मारलं? दोन्ही वनस्पतीच न बाप्पा?

उत्तर १: नाही भाऊ. शिंगाड्याची पानं पाण्यावर तरंगून उन्हात अन्न बनवतात, फळात स्टार्च साठतो. सात्या म्हणजे बुरशी. हरितद्रव्य नाही, अन् पेशींच्या भिंतीत कायटिन. झिंग्याच्या कवचात असते तेच.

उत्तर २: आमच्या शेताच्या धुऱ्यावर (बांधावर) वारूळ आहे. वाळवी पालापाचोळा, लाकूड चावून आत जाळीदार पोळं करते, त्यावर ही बुरशी वाढते अन् वाळवी ती खाते. पावसात वर निघतात त्या छत्र्या. म्हणून धिंगरी मशरूमसारख्या पिशवीत पिकत नाहीत, महाग त्याच्यामुळेच. शिंगाडा तळ्यात लावता येते. अन् अनोळखी छत्री खाऊ नका, राजेहो.

गोकुळपेठकर: आजीला कायटिन सांगितलं. म्हणाली, "झिंग्यातलं? मग तर वेगळ्या गंजातच (पातेल्यातच) शिजव!"