उपकारस्तुतीच्या सभेत शोकातलं कुटुंबही येणार आहे: देवाच्या अढळ प्रीतीवर काय वाचावं, काय टाळावं?

शालोम_नगर
सगळ्यांना सलाम. पुढच्या शनिवारी आमच्या भागातल्या कौटुंबिक प्रार्थनासभेत वचन सांगायची जबाबदारी माझ्याकडे आहे. विषय ठरलाय: देवाची अढळ प्रीती. वेळ पाऊण तास, माणसं पंचवीस-तीस. ज्या घरी सभा आहे तिथे बाळ झालंय आणि त्याचीच उपकारस्तुती, म्हणजे देवाचे आभार मानायची सभा आहे. पण येणाऱ्यांत एक कुटुंब असं आहे की त्यांचा कर्ता मुलगा दोन महिन्यांपूर्वी प्रभूमध्ये निद्रिस्त झाला. दोन्ही घरं एकाच खोलीत बसणार. स्तोत्र 136 सगळ्यांनी मिळून म्हणावं असं मनात आहे. उपदेशासाठी कोणता उतारा घ्यावा? आणि पंडिता रमाबाईंचं उदाहरण दिलं तर चालेल का?

बेथेल_वाचनवर्ग
सलाम ताई. उताऱ्याआधी एक गोष्ट पक्की करा, कारण अशा सभांत घोटाळा होतो तो शोकाच्या भागात नाही, आनंदाच्या भागात होतो. कोणीतरी उठून साक्ष देतं, "देवाची आमच्यावर किती प्रीती, म्हणून त्याने हे बाळ दिलं." म्हणणाऱ्याच्या मनात कृतज्ञताच असते. पण बाळ हा प्रीतीचा पुरावा ठरला, की मागे बसलेल्या आईला मुलाचं जाणं हा उलटा पुरावा वाटणारच. मग पुढे तुम्ही सांत्वनाची कितीही वचनं वाचा, ते वाक्य तिच्या कानातून जात नाही.

नव्या करारात प्रीतीचा पुरावा ठेवलाय वेगळ्या जागी. रोमकरांस 5:8 काढा: आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मेला, यात देव आपली प्रीती दाखवतो. 8:32 मध्येही तेच, त्याने स्वतःच्या पुत्राला राखून ठेवलं नाही. हा पुरावा दोन्ही घरांसाठी एकच आहे; बाळ झालं म्हणून वाढत नाही, मुलगा गेला म्हणून घटत नाही. बाळ हे दान आहे, त्याचे उपकार मनापासून माना. पण प्रीती मोजायची ती वधस्तंभावरून, एवढं उपदेशात एकदा स्वच्छ म्हणा.

वाचनासाठी रोम. 8:31-39, नऊ वचनं, सावकाश वाचली तरी दोन-अडीच मिनिटं. 35 व्या वचनात पौल सात गोष्टींची नावं घेतो: क्लेश, आपत्ती, छळणूक, उपासमार, नग्नता, संकट, तरवार. प्रत्येक नावानंतर क्षणभर थांबा. लोक इथे घाईने "विभक्त करील असं काही नाही" या शेवटाकडे पळतात आणि यादी नुसती पाठ केलेली वाटते. 38 व्या वचनातही एक जागा आहे जिकडे फारसं कोणी बघत नाही: मरणाच्या लगेच पुढे जीवन आहे. म्हणजे चांगले दिवससुद्धा माणसाला देवापासून दूर नेऊ शकतात हे पौल गृहीत धरतो. अनुवाद या जुन्या करारातल्या पुस्तकात 8:11-14 मध्ये तोच इशारा आहे: पोटभर खाल, चांगली घरं बांधाल, गुरंढोरं वाढतील, तेव्हा परमेश्वराला विसरू नका. बाळाच्या आईवडिलांना सांगण्याजोगं हे आहे.

आता स्तोत्र 136. "त्याची दया सनातन आहे" हे पालुपद कुठे कुठे गायलं गेलं ते बघा, त्यातच तुमचा अर्धा उपदेश आहे. शलमोनाच्या मंदिराच्या समर्पणाला, कर्णे वाजवणाऱ्या 120 याजकांसह (2 इतिहास 5). यहूदाचा राजा यहोशाफाट लढाईला निघाला तेव्हा, सैन्याच्याही पुढे चालणाऱ्या गायकांच्या तोंडी (2 इतिहास 20:21). यिर्मया संदेष्टा पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत असताना, उजाड झालेल्या नगरात हेच शब्द पुन्हा ऐकू येतील हे वचन (यिर्मया 33:11). आणि एज्रा 3:11-13: बंदिवासातून परतलेले लोक दुसऱ्या मंदिराचा पाया घालतात, हेच पद म्हणतात, पुष्कळ जण आनंदाने ओरडतात आणि पहिलं मंदिर पाहिलेले म्हातारे मोठ्याने रडतात. आनंदाचा आवाज कुठला आणि रडण्याचा कुठला, हे लोकांना वेगळं ओळखता येईना. रडणाऱ्यांना गप्प करा असं तिथे कोणी म्हणत नाही. तुमच्या शनिवारच्या खोलीसाठी याहून जवळचा उतारा मला दिसत नाही. बारा मिनिटांचा उपदेश एज्रा 3 वरच करा, रोम. 8 त्याच्यानंतर वाचा.

वसईचा_वाचक
स्तोत्र 136 बद्दल थोडं. मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) आम्ही प्रतिसादाची स्तोत्रं रोज म्हणतो, त्यावरून सांगतो.

सगळी 26 वचनं या सभेत घेऊ नका. 10 व्या वचनात मिसरी लोकांचे प्रथमजन्मलेले मारल्याचं येतं, 17 ते 20 मध्ये राजांचा वध. इस्राएलच्या सुटकेच्या इतिहासात त्याला जागा आहे, पण समोर तान्हं बाळ आणि मुलगा गमावलेली आई बसलेली असताना ते वचन वाचून सगळ्यांकडून "त्याची दया सनातन आहे" म्हणवून घेणं निर्दयपणा होईल. 1 ते 9 आणि 23 ते 26 घ्या. तेरा वचनं होतात: आरंभीचं आवाहन, सृष्टी, मग दैन्यावस्थेत झालेली आठवण, शेवटी सर्व प्राण्यांना मिळणारं अन्न. अर्थ तुटत नाही.

वाचक एकच ठेवा, आवाज खणखणीत असलेला. वचनाचा पहिला अर्धा भाग त्याने वाचायचा आणि थांबायचं. त्याने स्वतः पालुपद म्हणायचं नाही, नाहीतर लोक त्याच्याच तोंडाकडे बघत बसतात. सुरुवातीला दोनदा सराव करून घ्या. पाचव्या-सहाव्या वचनाला लोकांचा वेग आपोआप वाढतो आणि नुसत्या पाट्या टाकल्यासारखं होतं. तेव्हा वाचकाने पुढचं वचन मुद्दाम हळू सुरू करायचं. एवढ्याने गाडी रुळावर येते.

9 आणि 23 यांच्यामधली जागा मोकळी मिळते, तिथे घराघरातून एकेक ओळ घालता येईल. "ज्याने या घरी लेकरू दिले", "जो आजारपणात आमच्या उशाशी राहिला", आणि सगळ्यांचं पालुपद. चार-पाच ओळी पुरे, आदल्या दिवशी लिहून घ्या. शोकातल्या कुटुंबाला मात्र ओळ मागू नका. त्यांनी आपणहून दिली तर पहिली घ्या.

जुना_पाळक
सलाम. काय बोलू नये तेवढंच लिहितो, बाकी वरच्यांनी उत्तम सांगितलंय.

"देवाची इच्छा होती", "देवाला चांगली फुलं आवडतात", "तुमच्या विश्वासाची परीक्षा आहे", "निदान दुसरा मुलगा तरी आहे". यातलं एकही नको, आणि सभेनंतर चहाच्या वेळी इतरांनाही बोलू देऊ नका. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले (2:13), तोवर ते बरोबर होते. तोंड उघडून त्यांनी दुःखाची कारणं सांगायला सुरुवात केली, आणि शेवटी परमेश्वराचा कोप झाला तो त्यांच्यावर (42:7). ज्याने देवाशी भांडण मांडलं त्याच्यावर नाही.

तीन वचनं अर्धवट वापरली जातात. रोम. 8:28, सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. ते कल्याण म्हणजे काय हे 29 मध्ये आहे: पुत्राच्या प्रतिरूपासारखे होणं. 28 एकटं वाचलं तर "यातूनही काहीतरी फायदा होईल" असं ऐकू येतं, आणि मुलगा गेलेल्या घरात ते सहन होत नाही. दुसरं, 1 थेस्सल. 4:13. तिथे पौल रडूच नका म्हणत नाही, आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका म्हणतो. लाजराला कबरेतून बाहेर बोलावणार हे ठाऊक असूनही येशू रडला (योहान 11:35). तिसरं, इब्री 12 मधलं शिक्षेचं वचन: प्रभू ज्याच्यावर प्रीती करतो त्याला शिस्त लावतो. ते विश्वासात थकलेल्या मंडळीला धीर देण्यासाठी लिहिलंय. शोकघरात वाचलं की आईबाप आपलं कुठलं पाप ते शोधत बसतात. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी हेच विचारलं होतं, पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापाचं? प्रभूने दोन्ही नाकारलं (योहान 9:3).

विलापगीत 3:22-23 घ्यायचं असेल ("ती रोज सकाळी नवी होते") तर 17 व्या वचनापासून वाचा, 26 पर्यंत. इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलने यरुशलेम जाळलं, त्या राखेतलं हे पुस्तक आहे. 17 व्या वचनात बोलणारा म्हणतो की सुख काय ते मी विसरलो. ते ऐकल्यावर 22 व्या वचनाला वजन येतं. आणि त्या ओळी म्हणून झाल्यावरही पुस्तक संपत नाही, त्याच अध्यायात 44 व्या वचनात प्रार्थना पोहोचू नये म्हणून देवाने स्वतःला मेघाने झाकून घेतल्याची तक्रार आहे. विश्वास आणि तक्रार एकाच तोंडातून निघतात, आणि दोन्ही पवित्र शास्त्रात राहू दिलेली आहेत. त्या कुटुंबाला पुढे भेटायला जाल तेव्हा स्तोत्र 88 सोबत ठेवा. अठरा वचनं, शेवट अंधारातच. ज्यांना अजून "हालेलुया" म्हणवत नाही त्यांच्यासाठी देवाने तेही स्तोत्र ठेवलंय.

रमाबाईंविषयी: उदाहरण खरं आहे आणि मोठं आहे. 1921 मध्ये त्यांची मुलगी मनोरमा गेली, 5 एप्रिल 1922 ला रमाबाई स्वतः गेल्या, आणि केडगावला बायबलच्या मराठी भाषांतराचं काम त्यांनी अखेरपर्यंत सोडलं नाही. ते 1924 मध्ये प्रसिद्ध झालं. पण या सभेत देऊ नका. दोन महिन्यांच्या शोकात असलेल्या आईपुढे ते मापदंड होऊन उभं राहतं, रमाबाईंना जमलं, मला का नाही? महिला मंडळात किंवा संडेस्कूलमध्ये जरूर सांगा.

नगरची_तरुण_मंडळी
मला एक शंका आहे. "बिनशर्त प्रीती" हा शब्द आपण फार सैल वापरतो. मग पश्चात्ताप, आज्ञापालन यांचं काय? ऐकणारा म्हणेल, देव काहीही झालं तरी प्रीती करतोच, तर कशाला सुधारू?

बेथेल_वाचनवर्ग
शंका रास्त आहे. अनुवाद 7:7-8 बघा: तुम्ही संख्येने जास्त होता म्हणून नव्हे, उलट सर्वांत थोडे होता, परमेश्वराची प्रीती होती म्हणून त्याने निवडलं. प्रीतीचं कारण प्रीतीच, आपल्याकडे त्याचं कारण नाही. आज्ञा त्यानंतर येतात. निर्गममध्येही आधी मिसरातून सुटका, मग विसाव्या अध्यायात दहा आज्ञा. लूक 15 मधल्या उधळ्या मुलाच्या दाखल्यात बाप मुलगा दूर असतानाच धावतो. मुलाने घोकून आणलेलं "मला मोलकऱ्यांसारखे ठेवा" हे वाक्य बोलून पूर्ण होत नाही, त्याच्याआधीच झगा मागवला जातो. पण मुलगा डुकरांजवळून उठून आलेला आहे हेही खरं. पश्चात्तापाने बापाची प्रीती मिळवली नाही, त्या प्रीतीत तो परत राहायला आला. शनिवारच्या सभेत मात्र हा वाद काढू नका ताई, त्याला वेगळी संध्याकाळ द्या.

पेटी_तबला
गाण्याचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. "त्याची दया सनातन आहे" या ओळीच्या लघु-गुरू मात्रा मोजा, बरोबर सोळा भरतात. आठ मात्रांच्या केरवा तालाची दोन आवर्तनं. चार सुरांत बसवा, सा ते मच्या पुढे जाऊ नका, म्हणजे आजीपासून लहान मुलांपर्यंत सगळ्यांना जमतं. पट्टी पांढरी चारच्या वर नको.

आपल्याकडे ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांपासून भजन-अभंगाची चाल उपासनेत रुळलेली आहे, आणि भजन म्हटलं की शेवटी दुगुण, म्हणजे दुप्पट लय, आलीच. इथे ती टाळा. लय वाढली की टाळ्या सुरू होतात आणि शोकातलं घर एकदम एकटं पडतं. मध्य लयीतच थांबा. टाळ, झांज बंद, पेटी आणि तबल्याचा हलका ठेका पुरे. शेवटची चार वचनं तबला थांबवून नुसत्या पेटीवर म्हणा.

बाळासाठी उत्साहाचं एक गीत हवंच, आनंद दाबायचा नाही. पण ते सभेच्या सुरुवातीला घ्या, शेवटाला नको.

शालोम_नगर
सगळ्यांचे मनापासून आभार. असा क्रम लावलाय: प्रारंभिक प्रार्थना 3 मिनिटं, बाळासाठी गीत 5, स्तोत्र 136 (1-9, मग घराघरातल्या ओळी, 23-26) मिळून 6, एज्रा 3:10-13 वाचून उपदेश 14, रोम. 8:31-39 वाचन 3, दोन मिनिटं शांतता, मध्यस्थीची प्रार्थना 8, प्रभूची प्रार्थना आणि आशीर्वाद 3. मध्यस्थीच्या प्रार्थनेत दोन्ही कुटुंबांची नावं एकत्र घ्यावीत का वेगळी?

जुना_पाळक
वेगळी, आणि दोन वेगळ्या माणसांनी. एकाच दमात "बाळाबद्दल आभार आणि या कुटुंबाला सांत्वन दे" म्हटलं की दुसरा अर्धा भाग पुरवणीसारखा वाटतो. मुलाचं नाव घेऊन प्रार्थना करा. लोक नाव टाळतात, घरच्यांना तेच जास्त लागतं. आणि आदल्या दिवशी त्या घरी स्वतः जाऊन सांगा की सभा उपकारस्तुतीची आहे, त्यात काय काय असेल, मधेच उठून जावंसं वाटलं तर खुशाल जा. दाराजवळची जागा त्यांच्यासाठी ठेवा.