हाफ स्लीव्ह टॅटू कोपराच्या बराच वर थांबवा, माझं ठाम मत

धागाकर्ता:
मित्र परवा बुकिंग करून आला, म्हणे हाफ स्लीव्ह काढतोय, खांद्यापासून थेट कोपरापर्यंत, ऑफिसात बाहीखाली झाकला जाईल. मी म्हटलं शर्ट घालून बघितलंस का? हाफ शर्टची बाही कोपराच्या चांगली तीन-चार बोटं वर संपते, आणि लोकलमध्ये कडी धरली की अजून वर सरकते. माझं तेच झालंय, टॅटूतल्या ढगांची खालची रांग दोन इंच बाहेर, तीन वर्षं क्लायंट मीटिंगला फुल शर्ट घालतोय, मे महिन्यातसुद्धा. म्हणून कळकळीने सांगतो, रोजचा शर्ट घाला, हात वर करा, बाही थांबेल तिथे पेनने खूण करा आणि डिझाइन त्या खुणेच्या वरच संपवा.

प्रतिसाद १:
अजिबात पटलं नाही भावा. शर्ट दोन वर्षांत फाटेल, हात जन्मभर तोच राहणार. दंडाच्या मधेच तोडलेलं डिझाइन अर्धवट पुसलेल्या रांगोळीसारखं दिसतं. जपानी परंपरेत तर बाहीच्या लांबीला नावं आहेत, गोबु म्हणजे दहातले पाच भाग, शिचिबु म्हणजे सात भाग, कोपर ओलांडून मनगटाच्या अलीकडे थांबतो. तिकडे १८७२ ते १९४८ टॅटूवर बंदी होती तरी ही मापं टिकली, कारण ती हाताच्या ठेवणीवर बेतलेली आहेत. काढायचा तर शिचिबु काढा, घड्याळाची जागा मोकळी राहते आणि फुल शर्टात सगळं झाकतं.

धागाकर्ता:
पण गोबु कोपराच्या वरच थांबतो ना दादा, मी तेच म्हणतोय की! आणि शिचिबु म्हणजे कोपराच्या आतली घडी आली, तिथली कातडी इतकी नाजूक की मशीन लागल्यावर बोटं आपोआप मिटतात, शिवाय ऊन लागून खालचा भाग लवकर फिका पडतो.

प्रतिसाद २:
भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी हे शर्टाचं माप विसरा, मेडिकलला शर्ट काढावाच लागतो. आर्मीत कोपर ते मनगट आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागे एवढंच चालतं, दंडावरचं नाही, आदिवासी उमेदवारांना परंपरेनुसार सूट आहे. सीआरपीएफ, बीएसएफला तर फक्त डाव्या हाताच्या कोपर ते मनगट आतल्या बाजूला किंवा तळहाताच्या मागे, आणि तेही त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा कमी. म्हणजे तुम्ही दोघं भांडताय त्यातली एकही लांबी बसत नाही. माझ्या चुलतभावाला हे उशिरा कळलं, लेझरच्या बैठका चालू आहेत, पोरगा रोज रात्री मलम लावत बसतो, बघवत नाही. आधी नोकरी, मग स्लीव्ह.

प्रतिसाद ३:
मला हे लपवालपवीचंच वाईट वाटतं. माझ्या आजीच्या हातावर मनगटापासून वर गोंदण होतं, तुळशीवृंदावन आणि ठिपके, हिरवट झालेलं, भाकरी थापताना पिठातून दिसायचं, तिने कधी पदराखाली घेतलं नाही. मी फुल स्लीव्हच्याच बाजूने आहे पण एका दमात नाही. वरून सुरुवात करा, खालचा काठ पट्टा मारून बंद करू नका, शेडिंग विरळ करत सोडा, मग वर्षाने वाढवावंसं वाटलं तर जोड कळत नाही आणि नाही वाटलं तरी तुटल्यासारखं दिसत नाही. फक्त रक्तदान करणाऱ्यांनी लक्षात ठेवा, टॅटूनंतर १२ महिने थांबावं लागतं, आणि प्रत्येक बैठकीपासून मोजणी नव्याने सुरू.

धागाकर्ता:
ताई, विरळ काठाचं शंभर टक्के मान्य, माझ्या ढगांना आर्टिस्टने जाड बॉर्डर मारली म्हणून आता खाली वाढवता पण येत नाहीये. मित्राला आत्ताच फोन केला, शनिवारी ऑफिसचा शर्ट घालून जाणारे, आणि स्टेन्सिल, म्हणजे कातडीवर उमटवतात तो डिझाइनचा छाप, उभं राहून, हात सैल सोडून लावून घे म्हणून बजावलंय.

प्रतिसाद १:
खूण कुठे आली ते इथे सांग. माझं मत अजून शिचिबुच.