डकवीडमधील ‘४० टक्के प्रथिने’ खरोखर अंगी लागतात का?

प्रश्न:
लेम्ना आणि वोल्फिया या पाण्यावर तरंगणाऱ्या खाद्य वनस्पतींच्या, म्हणजेच डकवीडच्या, प्रथिनांचे प्रमाण कुठे २० टक्के, तर कुठे ४० टक्के दिलेले आढळते. एवढी तफावत कशामुळे पडते, आणि त्यातली प्रथिने कडधान्यांइतकी पचतात का?

प्रतिसाद १:
दोन्ही आकडे बरोबर असू शकतात, मात्र ते शुष्क भाराचे, म्हणजे पाणी काढून उरलेल्या वजनाचे आहेत, हे आधी पाहावे. ताज्या डकवीडमध्ये ९२ ते ९५ टक्के पाणी असते. पाणी ९५ टक्के आणि शुष्क भागात प्रथिने ३५ टक्के धरली, तर १०० ग्रॅम ताज्या डकवीडमधून जेमतेम पावणेदोन ग्रॅम प्रथिने मिळतात. जाहिरातीत हा हिशेब सहसा दिसत नाही. तफावतीचे मुख्य कारण पाण्यातील नत्र आहे. नत्र मुबलक असेल तर वनस्पती प्रथिने साठवते, आणि नत्राची उपासमार झाली की वाढ मंदावून तिच्यात स्टार्च साचू लागतो. त्यातच, प्रथिने मोजताना एकूण नत्राला ६.२५ ने गुणण्याची रूढ पद्धत नायट्रेट व अमोनियमसारख्या प्रथिनेतर नत्रालाही प्रथिनांत जमा करते. त्यामुळे छापील आकडा फुगलेला असण्याचीच शक्यता अधिक.

प्रतिसाद २:
पचनीयतेचे चित्र त्यामानाने आशादायक आहे. तरंगणाऱ्या रोपाला ताठ उभे राहण्याची गरज नसल्याने त्यात लिग्निन, म्हणजे खोडाला ताठपणा देणारा न पचणारा घटक, अत्यल्प असते. प्रथिनांचा मोठा वाटा प्रकाशसंश्लेषणातील रुबिस्को या विकराचा असतो. त्यात लायसिन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल चांगले असते, आणि तो सुटा काढला तर सहज पचतो. अडचण अशी की संपूर्ण वनस्पतीत तो पेशीभित्तिकांच्या आत असतो, त्यामुळे न दळलेल्या, न शिजवलेल्या डकवीडमधील काही भाग पाचक रसांच्या हाती लागत नाही. वोल्फियाच्या मंकाई या वाणावर निरोगी पुरुषांमध्ये झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जेवणानंतर रक्तातील अत्यावश्यक अमिनो आम्लांची वाढ मऊ चीज व वाटाणा यांच्याशी तुलनीय आढळली. मात्र एका वाणाचा निष्कर्ष कुठल्याही डबक्यातल्या लेम्नाला सरसकट लावणे मला पटत नाही.

प्रश्नकर्ता:
म्हणजे रोज वाटीभर कच्चे खाण्यापेक्षा शिजवून खाणे बरे का?

प्रतिसाद ३:
होय, आणि कारण केवळ पचनाचे नाही. लेम्नाच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी टाकल्यास विद्राव्य ऑक्झॅलेट कमी होते. स्फटिकरूप ऑक्झॅलेट मात्र बरेचसे तसेच राहते, म्हणून मूतखड्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज लेम्ना नियमित खाऊ नये. वोल्फियात असे सुईसारखे स्फटिक नसतात, त्यामुळे खाण्यासाठी तिची निवड अधिक सोयीची ठरते. ज्या गुणामुळे डकवीड सांडपाणी शुद्ध करण्यास वापरतात, तोच गुण ताटात घातक ठरतो: कॅडमियमसारखे जड धातू ते पाण्यातून शोषून साठवते आणि उकळल्याने ते धातू नाहीसे होत नाहीत. तेव्हा पुडी घेताना प्रथिनांच्या टक्केवारीआधी ते कोणत्या पाण्यात वाढवले आणि धातूंची तपासणी झाली आहे का, हे विचारावे.