दिवाळीत विमानानं घरी जायचं तर भाड्याला मर्यादा हवी की आपलंच नियोजन?

अंबाझरी
पुण्यात नोकरीला लागून ९ वर्षं झाली. गेल्या दिवाळीत पहिल्यांदाच नागपूरला घरी गेलो नाही. एरवी ४,५००-५,००० ला मिळणारं तिकीट धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळचं १४,८०० झालं होतं. आम्ही चौघं, त्यात दोन लहान मुलं. आईनं चकल्या कुरिअरनं पाठवल्या, निम्म्या मोडून आल्या.

खासगी बसवाल्यांना एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेता येणार नाही, असं राज्य सरकारनं २०१८ मध्ये ठरवलं. विमानाला तसं काहीच नाही. करता येत नाही असंही नाही. कोविडकाळात मे २०२० ते ऑगस्ट २०२२ भाडं बांधलेलं होतं. डिसेंबर २०२५ मध्ये उड्डाणं धडाधड रद्द झाली, तेव्हा ५०० ते १,००० किलोमीटरसाठी १२,००० ची मर्यादा लागली. पुणे-नागपूर त्यातच येतं. सणाच्या आठवड्यात हा नियमच हवा, आणि आकडा याहून खाली हवा.

तिकीटखिडकी
ताई, त्रास खरा आहे, पण मर्यादेनं तो जाणार नाही. १८ वर्षं लोकांना तिकिटं काढून देतोय म्हणून सांगतो. विमानात जागा १८०-१८६. कंपनी त्यांचे टप्पे पाडते. पहिल्या काही जागा स्वस्त, त्या संपल्या की पुढचा भाव. तुम्ही चौघांसाठी शोधता आणि स्वस्त टप्प्यात तीनच जागा उरलेल्या असतात, तेव्हा बहुतेक वेळा चारही तिकिटं वरच्या भावानं दिसतात. म्हणून आधी एकाचा भाव बघा. फरक दिसला तर दोन-दोनचं वेगळं बुकिंग करा, प्रत्येकात एक मोठं माणूस नि एक मूल.

मर्यादा लावलीत तर सगळ्या जागा आधीच उडतील. ऐनवेळी ज्याच्या घरचं कुणी वारलं, त्याला पैसे मोजूनही तिकीट मिळणार नाही. गणपती उठले की दिवाळीचं तिकीट काढून मोकळं व्हावं, हेच खरं.

नाईट_ड्यूटी
हे ज्याची रजा त्याच्या हातात आहे, त्याला ठीक. मी मुंबईत नर्स आहे, गाव अमरावतीजवळ. दिवाळीच्या ड्यूट्या भिंतीवर लागतात दहा-बारा दिवस आधी. तोवर तुमचे स्वस्त टप्पे संपलेले. उशिरा कळतं हा काय माझा हलगर्जीपणा? मग त्याचा दंड मी का भरायचा?

आमचं बेलोरा विमानतळ एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालं, मुंबईचं विमान उडान योजनेतलं, म्हणजे लहान शहरं विमानानं जोडणाऱ्या केंद्राच्या योजनेतलं. त्या योजनेत ठरावीक जागांचं भाडं बांधलेलं असतंच. मग सणासुदीला प्रत्येक विमानात थोड्या जागा शेवटच्या दहा दिवसांसाठी राखून बांधलेल्या भावात द्यायला काय हरकत आहे?

तिकीटखिडकी
उडानमध्ये कंपनीची तूट सरकार भरून देतं. पुणे-नागपूरला ती कोण भरणार? राखीव जागांचं मात्र पटलं. मी पूर्ण मर्यादेच्या विरोधात आहे, याच्या नाही.

जाता जाता एक. नॉन-रिफंडेबल तिकीट रद्द केलं तरी विमानतळाचे शुल्क-कर परत मिळतात. पुष्कळ लोक मागतच नाहीत. मागा.

रुळावरचा
पण विमानच का? ऑगस्ट २०२५ पासून नागपूरच्या अजनी स्टेशनहून पुण्याला वंदे भारत आहे, १२ तासांत पोचवते. ६० दिवस आधी बुकिंग उघडतं, तेव्हा काढायचं. भाडं मागणीप्रमाणे तिप्पट होत नाही. सणाला जादा गाड्या मागूया, त्यात जास्त लोक घरी जातील.

अंबाझरी
रुळावरचा, गाडी आधी बघितली होती. बुकिंग उघडलं त्याच सकाळी आम्हाला हवी ती तारीख वेटिंगवर गेली. जादा गाड्यांच्या मागणीला माझीही सही धरा.

तिकीटखिडकी, आत्ता बघितलं. चौघांसाठी शोधलं तर प्रत्येकी ८,९५०. दोघांसाठी शोधलं तर ६,२००. हे आजवर कुणी सांगितलंच नव्हतं! पण हे ठाऊक असलेल्यालाच घरी जाणं परवडावं, हे मला मान्य नाही. मर्यादेची मागणी कायम, त्यात नाईट_ड्यूटी यांच्या राखीव जागाही घालते.

धाकटी नवऱ्याच्या बुकिंगमध्ये, मोठा माझ्या. आईला अजून सांगितलेलं नाही. दोन्ही तिकिटं हातात आली की फोन करते.