ट्रान्सफॉर्मर तेलाला 10 केव्ही दिले तरी हीटर थंड होईना, काय चुकतंय?

फायनलइयर_इलेक्ट्रिकल:
नमस्कार मंडळी. प्रोजेक्ट ईएचडीचा (इलेक्ट्रोहायड्रोडायनॅमिक्स) आहे, म्हणजे पंप न लावता नुसत्या हाय व्होल्टेजने तेल हलवायचं आणि गरम भाग गार करायचा. काचेच्या टाकीत ट्रान्सफॉर्मर ऑइल, त्यात छोटा सपाट हीटर आणि समोर 10 मिलिमीटरवर पितळी पत्रा. कॉलेजच्या बीडीव्ही सेटवरून (तेल किती व्होल्टेजला फुटतं ते तपासायचं यंत्र) 10 केव्ही, म्हणजे 10 हजार व्होल्ट दिले, अर्धा तास बसलो, पण थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) 78 अंशांवरून हलेना. सबमिशन तोंडावर आलंय, प्लीज सांगा.

तेलकट_प्राध्यापक:
बीडीव्ही सेट एसी असतो रे, गोम तिथेच आहे. तेल ओढायचं तर आधी त्यात चार्ज साचायला हवा. तुझ्या तेलाची परमिटिव्हिटी (विद्युत क्षेत्राला पदार्थ किती प्रतिसाद देतो ते) 2.2 च्या आसपास, कंडक्टिव्हिटी (वीज वाहून नेण्याची क्षमता) अगदीच कमी, चांगल्या तेलात चार्ज साचायला किंवा विरायला 10-20 सेकंद लागतात आणि तू दर 10 मिलिसेकंदाला दिशा उलटवतोयस! एवढ्या फील्डमध्ये (विद्युत क्षेत्रात) आयन, म्हणजे चार्ज असलेला कण, सेकंदाला जेमतेम 1 मिलिमीटर सरकतो, म्हणजे अर्ध्या सायकलमध्ये मिलिमीटरचा शंभरावा भाग. डीसी लाव. आणि पत्रा काढून सुया बसव, टोकाशी फील्ड एकवटतं, तिथून चार्ज तेलात सुटतो आणि जाताना तेलाला सोबत ओढतो, ती धार थेट हीटरवर आदळते. खर्च बघ किती कमी, 10 केव्हीला 50 मायक्रोअँप धरले तरी अर्धा वॉट.

वाइंडिंगवाला:
मी ट्रान्सफॉर्मर रिपेअरमध्ये आहे, वर्कशॉपच्या अनुभवाने सांगतो. तेल आधी फिल्टर करून वाळवून घे, ओलावा आणि कागदाचे तंतू असले की डीसीमध्ये ते रांग धरून दोन इलेक्ट्रोडमध्ये पूल बांधतात आणि मग ठिणगी. हीटरची बॉडी आणि थर्मोकपल अर्थला, सुया हाय साइडला. आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, स्विच बंद केला तरी डीसी सेटच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, त्यामुळे अर्थिंग रॉड (उरलेला चार्ज जमिनीत सोडणारा दांडा) लावल्याशिवाय टाकीत हात घालायचा नाही म्हणजे नाही, एकटं तर कधीच करू नकोस.

फायनलइयर_इलेक्ट्रिकल:
खूप खूप आभार सर! मग एसीचा काहीच उपयोग नाही का?

तेलकट_प्राध्यापक:
आहे ना, उकळणाऱ्या द्रवात. तिथे चार्ज लागतच नाही, द्रव आणि वाफेच्या परमिटिव्हिटीतला फरक पुरतो. फील्ड द्रवाला जोरदार भागाकडे खेचतं आणि बुडबुड्यांना कमी फील्डकडे ढकलतं, म्हणून द्रव तापवणाऱ्या गरम तारेवर वाफेचा थर बसत नाही. कल्पना जुनी आहे, चब यांचं ब्रिटिश पेटंट 1916 चं! गुरुत्वाकर्षण नसेल तिथे बुडबुडे आपोआप वर जात नाहीत, त्यामुळे अवकाशयानांसाठी याच्यावर काम चालतं, 2017 मध्ये एक ईएचडी प्रयोग स्पेस स्टेशनवरही पाठवला होता. तुझ्या तेलात मात्र उकळी नाही, तेव्हा डीसीच.

फायनलइयर_इलेक्ट्रिकल:
कळलं सर. उद्या लॅब असिस्टंटना घेऊन डीसी सेट काढतो, अर्थिंग रॉड आधी शोधतो. सुया किती अंतरावर ठेवू, 10 वरच की आणखी लांब?

वाइंडिंगवाला:
15 पासून सुरू कर, व्होल्टेज हळूहळू वाढव, आणि करंट एकदम उडी मारला की तिथेच थांब.