विषय: सहलीचा चार्जिंगचा थांबा

मंडळी, नमस्कार.
परवा फास्ट चार्जरवर गेलो तर दोन जागा रिकाम्या, पण दोन्हींच्या केबली शेजारच्या गाड्यांमध्ये खोचलेल्या. वाट बघत बसलो. टेस्लाची स्टेशनं इतर ब्रँडच्या गाड्यांना उघडली ते चांगलंच झालं, पण एका गाडीने दोन जागा अडवायच्या म्हणजे काय? सहलीला आपल्या अकरा इलेक्ट्रिक गाड्या आहेत आणि सगळ्यांचा थांबा एकाच स्टेशनवर ठरतोय. तिथे आपसात जुंपू नये म्हणून आत्ताच विचारतो.
– एक टेस्लावाला

दादा, त्या दोनांतली एक मीसुद्धा असू शकते!
हौस नाही हो आम्हाला. तुमच्या टेस्लाचं पोर्ट, म्हणजे चार्जिंगची केबल खोचायची जागा, मागे डावीकडे. चार्जरचे खांब त्याच हिशोबाने उभे केलेत आणि केबलही तेवढीच आखूड. माझ्या ह्युंदाई आयोनिक ५ चं पोर्ट मागे उजवीकडे. रिव्हर्सने जागेत शिरलं की माझ्या पोर्टाजवळ येतो तो उजव्या शेजाऱ्याचा खांब. माझ्या जागेचा खांब मात्र नुसता उभा. फोर्डच्या मस्टँग माक-ईचं पोर्ट पुढे डावीकडे, ती नाक पुढे करून लावली तरी तोच घोळ.
वर लोकांना वाटतं मी मुद्दाम रेंगाळते. माझी बॅटरी ८०० व्होल्टच्या वर्गातली, आणि टेस्लाचे व्ही३, म्हणजे तिसऱ्या पिढीचे चार्जर ५०० व्होल्टपर्यंतच. मग गाडी स्वतःच्या मोटर-इन्व्हर्टरमधून व्होल्टेज चढवून घेते, त्यात वेग घटतो. ३५० किलोवॉटच्या सीसीएस (टेस्ला सोडून इतर बऱ्याच गाड्यांचा प्लग) चार्जरवर १० ते ८० टक्के व्हायला साधारण वीस मिनिटं लागतात, तुमच्याकडे अर्धा तास. खांबावर २५० किलोवॉट लिहिलंय खरं, माझ्या वाट्याला त्याच्या निम्मेच येतात.
– आयोनिकवाली

दोघांचंही बरोबर आहे, म्हणून मधे पडतो.
टेस्लाने आपल्या प्लगची माहिती २०२२ च्या नोव्हेंबरात खुली केली. २०२३ च्या मेमध्ये फोर्ड आणि जूनमध्ये जीएम त्या गोटात गेले. आता अमेरिकेत तो एसएई जे३४०० नावाचा मानक प्लग आहे. पण प्लग जुळला म्हणजे बोलणं जुळलं असं नाही. चार्जर आणि गाडी आधी एकमेकांशी बोलतात, मगच वीज सुरू होते. १५० किलोवॉटचे जुने व्ही२ खांब फक्त टेस्लाची जुनी बोली बोलतात, तिथे तुमचा अडॅप्टर कितीही भारी असला तरी उपयोग नाही. निघण्याआधी ॲपमध्ये बघा, ते स्टेशन तुमच्या गाडीला चालतं का. चॅडेमो नावाच्या वेगळ्याच प्लगवाली निसानची जुनी लीफ कोणाची असेल तर त्यांच्यासाठी वेगळा थांबा शोधावा लागेल.
अडॅप्टरचं एक नीट ऐका. घरच्या एसी चार्जरचा छोटा अडॅप्टर आणि फास्ट चार्जिंगचा डीसी अडॅप्टर या दोन वेगळ्या वस्तू आहेत. सहलीच्या घाईत पहिलाच डिकीत टाकाल आणि तिथे जाऊन कपाळाला हात लावाल. आमच्याकडे हे होऊन गेलंय, कोणाकडून ते घरात विचारू नका.
– काका

काका, आभार. दादा, ताई, तुम्हा दोघांचं वाचून मी कागदावर चौकोन काढून बघितले.
शेजारच्या जागेची केबल लागणाऱ्या चार गाड्या पांगून लावल्या तर आठ जागा जातात. त्याच शेजारी-शेजारी लावल्या तर पाचच! प्रत्येक गाडी पुढच्या जागेचा खांब घेते आणि वाया जाते ती फक्त टोकाची एक. तेव्हा या गाड्या एका बाजूला, टेस्ला दुसऱ्या बाजूला. आयोनिकवाल्या ताई आणि त्यांच्यासारख्या ८०० व्होल्टवाल्यांनी वाटेतला ३५० चा सीसीएस चार्जर गाठावा, त्यांचाही वेळ वाचेल. आणि सगळ्यांनी ८० टक्क्यांवर केबल काढायची. त्यापुढे चार्जिंग इतकं मंदावतं की मागचे लोक आपल्या नावाने बोटं मोडतात.
शुक्रवारपर्यंत कळवा: पोर्ट कुठे, डीसी अडॅप्टर आहे का.
– सहल समिती

आत्ताच खाली जाऊन बघून आलो. तीन वर्षं गाडी चालवतोय, पण विचारल्यावर धड सांगता येईना. पुढे उजवीकडे आहे. अडॅप्टर आहे, डीसीचाच, काकांचं वाचून दोनदा तपासला. मी कुठल्या बाजूला?
– नवीन सभासद

नाक पुढे करून लावा, तुमच्याच जागेचा खांब पोर्टाशी येतो. टेस्लांच्या रांगेत या.
– सहल समिती