१/२५ प्रमाणातील १९६४ ची स्लिंगशॉट ड्रॅगस्टर: चौकट पितळेची करावी की स्टायरीनची?

प्रश्न (लघुरथ)

सर्वांना नमस्कार. गेली अनेक वर्षे मी तयार संचांतून मोटारींच्या प्रतिकृती जोडत आलो आहे. आता प्रथमच संचाविना, केवळ नळ्या, पत्रा आणि तारा वापरून एक गाडी घडवायला घेतली आहे. १९६४ च्या सुमाराची अमेरिकी टॉप फ्युएल ड्रॅगस्टर (सरळ, आखूड अंतराच्या वेगशर्यतीची गाडी) मी निवडली आहे, म्हणजे ज्या रचनेला स्लिंगशॉट म्हणतात ती: इंजिन पुढे आणि चालक मागच्या आसाच्याही मागे, दोन्ही पाय डिफरन्शियलच्या (मागच्या आसावरील गिअरांच्या पेटीच्या) दोन बाजूंनी पुढे टाकून बसलेला. याच वर्षी ड्रॅग शर्यतींचे प्रसिद्ध चालक डॉन गार्लिट्स यांनी न्यू जर्सीत पाव मैलाच्या अखेरीस ताशी २०१.३४ मैलांचा वेग नोंदवला होता. त्या काळातील गाड्यांची छायाचित्रे पाहताना त्या सडपातळ चौकटीने मला जे धरून ठेवले, ते अद्याप सोडलेले नाही.

अडचण त्या चौकटीचीच आहे. व्हीलबेस (पुढच्या व मागच्या आसांमधले अंतर) १५० इंचांचा, म्हणजे प्रमाणात सुमारे १५२ मिलिमीटर. मुख्य नळी दीड इंच व्यासाची, म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटर. स्टायरीन या प्लास्टिकच्या कांड्यांतून मी दोनदा चौकट जोडली आणि दोन्ही वेळा इंजिन ठेवल्यावर काही दिवसांतच ती मध्यभागी खाली झुकली. पितळेकडे वळावे काय? आणि ज्या गाडीचे आराखडे मिळत नाहीत, तिची मापे केवळ छायाचित्रांवरून कितपत विश्वासाने काढता येतात?

उत्तर (पितळकाम)

पितळेकडे अवश्य वळा. बंद बॉडीच्या मोटारीत चौकट झाकली जाते, त्यामुळे ती थोडी जाड झाली तरी खपते. स्लिंगशॉटमध्ये मात्र चौकट हीच गाडी असते. स्टायरीन झुकू नये म्हणून दीडऐवजी दोन मिलिमीटरची कांडी घेतली, तर खऱ्या गाडीत ती दोन इंचांची नळी होते, आणि पाहणाऱ्याला कारण सांगता आले नाही तरी काहीतरी बोजड झाल्याचे लगेच जाणवते.

प्रथम प्रत्यक्ष आकाराचा आराखडा काढून सपाट लाकडी फळीवर चिकटवावा आणि नळ्यांच्या दोन्ही बाजूंनी बारीक खिळे ठोकून त्यांना जागेवर धरणारा साचा करावा. जिथे एक नळी दुसरीला भिडते, तिथे तिचे टोक गोल कानशीने माशाच्या तोंडासारखे खोलगट करावे. टोक सपाट ठेवून फट सोल्डरने भरली, तर सांधा कमकुवत होतोच, शिवाय त्यावर जो फुगवटा येतो तो रंगाखाली लपत नाही. आधी दोन्ही बाजूंच्या चौकटी स्वतंत्रपणे सपाट जोडाव्यात, मग त्या उभ्या करून आडव्या नळ्या बसवाव्यात, आणि हे करताना मध्यापासून सुरुवात करून एक सांधा डावीकडे, एक उजवीकडे असे टोकांकडे सरकावे. एकाच बाजूचे सगळे सांधे ओळीने तापवले की चौकट पिळवटते, आणि मग चार चाकांपैकी एक अधांतरी राहते.

शेजारचा सांधा सुटू नये म्हणून त्यावर ओल्या कागदाचा बोळा ठेवावा. नळी वाकवताना चेपत असेल, तर आत बसेल अशी तार घालून वाकवावी. काम संपल्यावर फ्लक्स (सोल्डर नीट धरावे म्हणून सांध्याला लावलेले द्रव्य) गरम पाण्याने आणि ब्रशने पूर्ण धुऊन काढणे अत्यंत आवश्यक आहे, कारण मागे राहिलेला अंश काही महिन्यांनी रंगाखालून हिरवा होऊन वर येतो. खोलीत हवा खेळती ठेवा. फ्लक्सचा धूर छातीत जाऊ देऊ नये.

उत्तर (जुनी चाके)

वरील सूचना उत्तम आहेत, परंतु संपूर्ण चौकट पितळेची करण्याची गरज आहे असे मला वाटत नाही. भार पेलतात त्या मुख्य नळ्या. त्या पितळेच्या घेऊन चालकाच्या मागचा पिंजरा आणि बारीक आधारनळ्या स्टायरीनच्या केल्या, तर कापणे, चूक सुधारणे आणि नेमका कोन साधणे फार सोपे जाते. मात्र पितळ आणि प्लास्टिक यांच्या सांध्याला द्रावक गोंद (प्लास्टिक विरघळवून जोडणारा) चालत नाही, तिथे सायनोअ‍ॅक्रिलेट, म्हणजे झटपट चिकटणारा गोंद, वापरावे. तुमच्या चौकटी झुकण्यात द्रावक गोंदाचाही वाटा असावा: पाऊण मिलिमीटरच्या कांडीवर तो थोडा जरी जास्त लागला, तरी कांडी आतपर्यंत मऊ होते.

मापांविषयी माझे मत ठाम आहे. ‘१९६४ ची ड्रॅगस्टर’ बनवू नका. एका विशिष्ट गाडीची एका विशिष्ट दिवशीची अवस्था बनवा. या गाड्या दोन शर्यतींच्या मध्येही बदलत असत. त्याच सुमारास खाली वळलेल्या एक्झॉस्ट नळ्यांच्या जागी वर आणि मागे वळलेल्या झूमी नळ्या येत होत्या, त्यामुळे एकाच हंगामाच्या दोन छायाचित्रांत एकच गाडी वेगळी दिसू शकते. दोन्हींतले तपशील एकत्र केले, तर कधीच अस्तित्वात नसलेली गाडी तयार होते.

छायाचित्र शक्य तितके लांबून आणि बरोबर बाजूने घेतलेले निवडा. नोंदलेला व्हीलबेस माहीत असेल, तर तोच मोजपट्टी माना आणि त्याच्या प्रमाणात इंजिनाचे स्थान, पिंजऱ्याची उंची व पुढच्या आसाची उंची काढा. कॅमेऱ्याच्या जवळचे चाक मोठे दिसते, म्हणून चाकाच्या व्यासावरून गाडीच्या मध्यरेषेवरचे माप काढू नये. नळीची जाडी तर छायाचित्रावरून कधीच मोजू नका. ती त्या काळच्या प्रचलित मापांवरूनच घ्या.

अनेक प्रतिकृतींत दिसणारी एक चूक सांगतो: पुढच्या चाकांना ब्रेक ड्रम लावलेले असतात. या गाड्यांना पुढे ब्रेक नसत. मागचे ब्रेक आणि पॅराशूट यांवरच थांबणे अवलंबून असे, म्हणून पुढची आऱ्यांची चाके इतकी हलकी आणि पारदर्शक वाटतात. तसेच क्लच आणि मागचा आस यांच्यामध्ये बहुधा गिअरबॉक्सही नसे, केवळ एक आखूड जोडदांडा असे. ती मोकळी जागा मोकळीच राहू द्या.

लघुरथ

दोघांचेही मनःपूर्वक आभार. मुख्य नळ्या पितळेच्या आणि पिंजरा स्टायरीनचा, असे ठरवतो. खाली वळलेल्या एक्झॉस्टचे एकच छायाचित्र यापुढे प्रमाण मानतो. इंजिन क्रायस्लरचे ३९२ हेमी (३९२ घन इंचांचे, अर्धगोल ज्वलनकक्षांचे) आहे. त्याच्या स्पार्क प्लगच्या तारा कोणत्या क्रमाने लावाव्यात, आणि त्या किती जाडीच्या असाव्यात?

उत्तर (तारजोडणी)

खरी तार सात-आठ मिलिमीटर जाडीची असते, म्हणून तुमची ०.३ मिलिमीटरची हवी. दुकानी संचांतल्या तारा बहुधा याहून जाड भरतात. ३९२ मध्ये मॅग्नेटो (प्लगना ठिणगीची वीज पुरवणारा भाग) इंजिनाच्या मागच्या बाजूस, चालकाच्या दिशेला बसतो. नंतरच्या ४२६ हेमीत डिस्ट्रिब्युटरची (प्लगना वीज वाटणाऱ्या भागाची) जागा पुढे आहे, आणि संदर्भासाठी तिची छायाचित्रे वापरल्याने इथे पुष्कळांची गफलत होते. प्लग रॉकर कव्हरच्या (इंजिनाच्या माथ्यावरील झाकणाच्या) मध्यरेषेवरील खोबणींत असतात, प्रत्येक बाजूला चार. चालकाच्या डाव्या हाताला पुढून मागे १, ३, ५, ७ आणि उजव्या हाताला २, ४, ६, ८ असे सिलिंडर येतात; प्रज्वलनाचा क्रम १-८-४-३-६-५-७-२ आहे. मॅग्नेटोच्या टोपीवर छिद्रे पाडण्यापूर्वी हा क्रम कागदावर काढून ठेवा, म्हणजे तारा एकमेकींवर कुठे चढतात ते आधीच कळेल.

वरचा ६-७१ सुपरचार्जर (इंजिनात दाबाने हवा भरणारा पंप) मूळचा जीएमसीच्या दोन-स्ट्रोक डिझेल इंजिनाचा. सहा सिलिंडर आणि प्रत्येकी ७१ घन इंच, म्हणून ते नाव. त्याच्या कवचावरील आडव्या-उभ्या कडा स्टायरीनच्या पातळ पट्ट्यांतून सहज उभ्या राहतात. त्यांवर चकचकीत चंदेरी रंग देऊ नका. ओतीव अ‍ॅल्युमिनियम किंचित धुरकट दिसते, आणि क्रोमच्या रॉकर कव्हरशेजारी तो फरक दिसलाच पाहिजे.

बॉडीला कँडी रंग देणार असाल, तर नाकाचे, बाजूचे आणि मागचे सर्व पत्रे एकाच बैठकीत, रंगाचे सारखेच हात देऊन रंगवा. तो पारदर्शक असल्याने प्रत्येक हातागणिक गडद होत जातो, आणि एक पत्रा नंतर रंगवला, तर त्याची छटा उरलेल्या पत्र्यांशी पुन्हा जुळत नाही.